मित्र फोन उचलत नाही, गोळ्याही सोडल्यात: तीव्र नैराश्यात सोबत कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजपासूनच्या मित्राला डॉक्टरांनी तीव्र नैराश्य असल्याचं सांगितलंय. तीन आठवडे गोळ्या घेऊन त्यानं त्या बंद केल्या. आता तो फोन उचलत नाही, मेसेजचं उत्तर दोन-दोन दिवसांनी येतं आणि तेही एका शब्दाचं. मागच्या आठवड्यात भेटलात तेव्हा बोलता बोलता म्हणाला, ‘मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल.’ तुम्ही विषय बदललात. आता विचारताय की त्याच्याशी काय बोलावं, किती मागे लागावं, आणि तुम्ही स्वतःच थकत चाललात त्याचं काय करावं.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. हे प्रश्न मला बहुतेकदा पेशंट खोलीबाहेर पडल्यावर, दाराशी घुटमळत, दबक्या आवाजात विचारले जातात. उत्तर देताना मी क्रम बदलणार आहे. तुम्ही ज्यावरून विषय बदललात ते वाक्य सगळ्यात आधी.

असं काही ऐकलं की पोटात गोळा येतो. शिवाय वाटतं, आपण त्यावर बोललो तर जे त्याच्या डोक्यात नाही तेच आपण भरवू. ही भीती खरी नाही. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. ज्याच्या मनात ते घोळत असतात त्याला उलट बऱ्याचदा हायसं वाटतं, कारण इतके दिवस तो ते एकटाच वागवत असतो. तेव्हा विचारा, आणि सरळ विचारा. ‘तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारलंत तर तुम्हाला ‘नाही’ ऐकायचंय हे त्याला लगेच कळेल आणि तो तुमच्या समाधानासाठी ‘नाही’ म्हणून मोकळा होईल. त्यापेक्षा असं म्हणा: ‘त्या दिवशी तू म्हणालास, मी नसलो तर तुम्ही सुटाल. मी तेव्हा गप्प बसलो, पण ते डोक्यातून जात नाहीये. तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का? जीव द्यावासा वाटतो का?’

विचारलंत की थांबा. उत्तराला वेळ लागेल, तो खाली बघत राहील, आणि ती शांतता भरून काढायची तुम्हाला घाई होईल. भरू नका.

‘हो’ म्हणाला तर दचकून समजावायला लागू नका. आणखी थोडं विचारा. कसं करायचं याचा विचार केलाय का? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? कधी, हे ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता का? ‘झोपेतून उठूच नये असं वाटतं’ आणि ‘ठरवलंय, साधनही आहे’ ही दोन्ही उत्तरं गंभीरच, पण घाई वेगवेगळी. पहिल्यात एक-दोन दिवसांत डॉक्टरांची भेट व्हायला हवी. दुसऱ्यात त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. त्याच्या घरच्यांना बोलवायचं, आपत्कालीन सेवेला फोन करायचा किंवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं, त्याच दिवशी. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तो म्हणेल, ‘कोणाला सांगू नकोस.’ हे वचन देऊ नका. ‘हे मी लपवून ठेवणार नाही. पण कोणाला आणि कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू’ एवढं म्हणता येतं. तो चिडेल, कदाचित काही दिवस बोलणारही नाही. चिडू दे.

ज्या साधनाचा त्याच्या मनात विचार आहे ते त्याच्यापासून दूर करणं हे मित्राच्या हातातलं बहुधा सगळ्यात मोठं काम. लोक म्हणतात, ‘ज्याला करायचंय तो कुठूनही करेल.’ तसं होत नाही. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा थोड्या वेळाची असते, ती लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. रिचर्ड सायडन या अमेरिकी संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर उडी मारण्यापासून अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग काढला होता. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक जण पुढे जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणानं गेले होते. म्हणजे एकदा अडवलेली बहुतेक माणसं दुसरीकडे जाऊन मेली नाहीत. घरातली औषधं दुसऱ्या कोणाच्या ताब्यात ठेवणं आणि गोळ्या आठवड्यापुरत्याच आणणं इथून सुरुवात करा. बाकी काय हलवायचं ते त्याच्या उत्तरावरून कळेल.

त्याची मनःस्थिती थोडी बरी असेल अशा वेळी एक कागद घेऊन बसा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला ‘सेफ्टी प्लॅन’ आम्ही वापरतो, तो एका पानात मावतो. त्यावर त्याच्याच शब्दांत लिहायचं: वादळ येतंय हे त्याला कशावरून कळतं, तेव्हा तो एकटा काय करू शकतो, कोणाकडे किंवा कुठे गेल्यावर मन जरा दुसरीकडे वळतं, मदत मागायला कोणाला फोन करायचा, डॉक्टर, हेल्पलाइन आणि आपत्कालीन सेवा यांचे नंबर कोणते, आणि घर सुरक्षित कसं ठेवायचं. ‘मी स्वतःला काही करणार नाही’ असं शपथेवर लिहून घेण्याची पद्धत पूर्वी होती. तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही. शपथ घेणाऱ्यापेक्षा घालणाऱ्यालाच त्यानं बरं वाटतं, असं माझं मत.

आता किती मागे लागायचं हा प्रश्न. जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६९ पासून एक प्रयोग केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात राहून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं ठरावीक काळानं एक छोटं पत्र जायचं: बरेच दिवस झाले, सगळं ठीक असेल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर आम्हाला आवडेल, एवढाच मजकूर. उपदेश नाही, उपचारांचा आग्रह नाही. दुसऱ्या गटाला काहीच गेलं नाही. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी असेच प्रयोग झाले तेव्हा निकाल सगळीकडे इतके ठळक आले नाहीत. तरी मित्रांना मी हेच उदाहरण देते, कारण काहीही न मागणारा संपर्क कसा असतो ते यात नेमकं दिसतं.

तुमचे मेसेज या नजरेनं वाचून बघा. ‘अरे फोन का उचलत नाहीस? माझं काही चुकलं का?’ यात त्याला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायचीत, वर तुमची समजूत काढायचीय. तेवढी ताकद त्याच्यात नाही, म्हणून तो फोन पालथा ठेवतो, आणि उत्तर दिलं नाही याची टोचणी वेगळीच. त्याऐवजी: ‘जुना फोटो सापडला, तुझी आठवण आली. उत्तर दे असं काही नाही. गुरुवारी पुन्हा लिहितो.’ आणि गुरुवारी खरंच लिहा. दिवसाला दहा मेसेज आणि मग महिनाभर चिडीचूप, यापेक्षा आठवड्यातून दोन, पण न चुकता, हे कितीतरी बरं.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्यही सोडून द्या. आपल्याला काय लागतंय हे ओळखायचं, ते मागायची आपली लायकी आहे असं मानायचं आणि मग फोन हातात घ्यायचा, या तिन्ही गोष्टी या आजारात अशक्य होऊन बसतात. ‘शनिवारी अकराला येतो. बोलायचं नसेल तर नको बोलूस, तासभर बसून जाईन’ हे पेलवतं. वेळ जरा उशिराची ठेवा. अनेक पेशंटना सकाळ सगळ्यात जड जाते. पहाटे तीन-चारला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही आणि नको ते विचार सुरू होतात. तेव्हा ‘कसा आहेस?’ऐवजी ‘रात्री कशा जातात?’ हे विचारा. या प्रश्नाला खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त असते.

गेल्यावर काय दिसेल याची तयारी ठेवा. पडदे ओढलेले, तेच कपडे, न फोडलेली पाकिटं, कोपऱ्यात धुवायच्या कपड्यांचा ढीग. तुम्ही काही विचाराल आणि उत्तर यायला इतका वेळ लागेल की त्यानं ऐकलं नाही असं वाटेल. वाक्य अर्ध्यावर सुटेल. याला आळस किंवा टाळाटाळ समजू नका. तीव्र नैराश्यात विचार आणि हालचाली दोन्ही खरोखर मंदावतात; निदानाच्या नऊ लक्षणांपैकी ते एक आहे. (नऊपैकी किमान पाच, निदान दोन आठवडे, आणि त्यांत सतत उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक असलंच पाहिजे, असा निकष आहे.) त्याच्या गतीनं चाला. त्याची वाक्यं तुम्ही पूर्ण करू नका.

आणि त्याच्याशी वाद घालू नका. ‘तुला काय कमी आहे?’ हे तर बोलूच नका. हा प्रश्न तो स्वतःला रोज विचारतो आणि त्याच्याच काठीनं स्वतःला झोडपतो. ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ असं तो म्हणाला की तुम्ही पुरावे द्यायला लागाल: तुझी नोकरी, तुझे आई-वडील, तुझ्यावर जीव टाकणारी माणसं. प्रत्येक पुराव्याला त्याच्याकडे तोड असेल. स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल, तिन्ही दिशांना अंधारच दिसणं हे नैराश्याच्या विचारांचं लक्षण अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकातच मांडलं होतं. ते युक्तिवादानं हलत नाही. एकदाच म्हणा, ‘तुला तसं वाटतंय हे कळतंय. मला तसं वाटत नाही.’ मग गप्प बसा किंवा दुसरं काही बोला. मात्र अपराधीपणा वास्तव सोडून जायला लागला, म्हणजे आपण भयंकर गुन्हा केलाय, आपल्यामुळे सगळं घर उद्ध्वस्त होणार, आपले अवयव सडलेत असं तो ठामपणे सांगू लागला, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा त्यानं खाणं-पिणं सोडलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय.

गोळ्यांकडे येते. तीन आठवड्यांनी सोडणं हे फार जणांचं होतं आणि त्यामागे साधं गणित आहे. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा असे साइड इफेक्ट पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. फायदा मात्र दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो आणि पुरता दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे त्यानं त्रास सगळा सोसला आणि फायद्याची वेळ येण्याच्या तोंडावर हात टेकले. त्याला दोष न देता एवढंच विचारा: ‘गोळ्यांनी नेमका काय त्रास होत होता?’ लैंगिक इच्छा कमी होणं हे एक मोठं कारण असतं आणि ते कोणी आपणहून सांगत नाही. यातल्या बहुतेक गोष्टींवर डॉक्टरांकडे काही ना काही उपाय असतो: डोस बदलणं, वेळ बदलणं, औषध बदलणं. पण उरलेली स्ट्रिप काढून त्याला पुन्हा सुरू करायला लावू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. पहिल्या औषधानं गुण आला नाही म्हणून निराश होण्याचंही कारण नाही. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधानं साधारण एक तृतीयांश पेशंटच पूर्ण बरे झाले होते. बाकीच्यांपैकी अनेकांना पुढच्या टप्प्यांवर गुण आला.

‘गोळ्यांची सवय लागेल’ ही शंका त्याला किंवा घरच्यांना असेलच. नैराश्यावरच्या या औषधांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. मात्र ती एकदम बंद केली तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून ती हळूहळू कमी करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या माणसात, तळमळ आणि निद्रानाश एकाएकी वाढला किंवा आत्महत्येचे विचार वाढले तर लगेच कळवायचं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तसा ठळक इशारा २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी दिलाय.

डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा. जाण्याआधी एका चिठ्ठीवर लिहा: गोळ्या कधी सुरू केल्या, कधी बंद केल्या, झोप किती, वजन उतरलंय का, दारू किती, आणि ते ‘मी नसलो तर’ वाक्य, जसंच्या तसं. पूर्वी कधी उलटा काळ आला होता का, म्हणजे झोप न घेता भरपूर उत्साह, सुसाट बोलणं, बेभान खर्च, तेही आठवून लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. नैराश्य आणि असा अतिउत्साह दोन्ही येतात त्याला बायपोलर आजार म्हणतात. त्यातल्या नैराश्यावर नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर पेशंट दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, आणि पेशंटला स्वतःला ते दिवस ‘आजार’ म्हणून आठवतच नाहीत, जवळच्यांना आठवतात. थायरॉइड वगैरे तपासण्या झाल्यात का तेही विचारा. पाच-दहा मिनिटं आत बसा, चिठ्ठी द्या आणि बाहेर या. उरलेला वेळ त्याचा. तो तुम्हाला येऊ देत नसेल तर डॉक्टर तुम्हाला त्याच्याबद्दल काही सांगू शकणार नाहीत. पण तुम्ही सांगितलेलं ते ऐकू शकतात. गोपनीयतेचं बंधन त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. हे कितीतरी लोकांना माहीत नसतं.

डॉक्टरांनी ईसीटीचं, म्हणजे विजेच्या उपचारांचं नाव काढलं तर तिथून उठून येऊ नका. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेली ही पद्धत आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन वापरतात. माणूस खाणं-पिणं सोडतो किंवा जिवाचा धोका डोक्यावर असतो, तेव्हा इतक्या लवकर गुण देणारे उपचार कमीच आहेत. काही काळ स्मरणशक्तीवर परिणाम होतो, काहींच्या त्या काळातल्या आठवणी परत येत नाहीत, हेही खरं. दोन्ही बाजू विचारून घ्या.

रोजच्या आयुष्यात तुम्ही एक गोष्ट करू शकता. ‘बरं वाटलं की करीन’ हा क्रम उलटा करायचा: आधी अगदी छोटी कृती, बरं वाटणं मागून येईल. आंघोळ. फाटकापर्यंत जाऊन परत येणं. एक पाकीट फोडणं. ‘चल, फिरायला गेलास की फ्रेश वाटेल’ असं म्हणून आठ किलोमीटर चालवू नका. जमलं नाही की ते अपयशाच्या खात्यात जमा होतं. त्याच्या बरोबरीनं करा: रजेचा अर्ज तो सांगेल तसा तुम्ही टाइप करा, बिल भरताना शेजारी बसा. सगळंच तुम्ही उरकलंत तर ‘मी निकामी आहे’ याला आणखी एक पुरावा मिळतो. राजीनामा, घटस्फोट, घर विकणं असले निर्णय मात्र पुढे ढकलायला लावा.

आता तुमचं. तुम्हाला त्याचा राग येत असेल, आणि राग येतो याची लाज वाटत असेल. दोन्ही होतं. रोज एकट्यानं भार उचलणारा मित्र काही महिन्यांत एकतर आजारी पडतो किंवा एक दिवस फोन घेणंच बंद करतो, आणि ते त्याच्या मित्राला सगळ्यात जास्त लागतं. म्हणून आत्ताच आणखी दोन-तीन माणसं जोडा. बहीण, एखादा सहकारी, जुना मित्र, कोणीही. वार वाटून घ्या. स्वतःची मर्यादा त्याला आधीच आणि सरळ सांगा: ‘रात्री अकरानंतर माझा फोन बंद असतो. तेव्हा बहिणीला लाव, नाहीतर हेल्पलाइनला.’ मर्यादा सांगितल्यानं माणूस तुटत नाही, न सांगता गायब झाल्यानं तुटतो. तो म्हणाला, ‘तू आज गेलास तर मी जीव देईन,’ तर हे खरं की खोटं याचा निवाडा तुम्ही करत बसू नका. खरं धरा आणि मदत बोलवा. त्यापायी स्वतः रोज रात्र जागवणं हा उपचार नव्हे. आणि हेही आत्ताच ऐकून ठेवा: उपचार आणि प्रेम दोन्ही असूनही काही माणसं या आजारात जातात. तसं झालंच तर ते तुमच्या एखाद्या चुकलेल्या फोनमुळे होत नाही.

उपचार पुन्हा सुरू झाले की तुम्ही सैल पडाल. थोडं सावध राहा. बऱ्याचदा मनाच्या आधी अंगात ताकद येते; विचार तसेच असतात आणि हालचाल करण्याचं बळ आलेलं असतं. खूप तडफडीनंतर तो अचानक शांत झाला, वस्तू वाटू लागला, निरोपाचं बोलू लागला, तर ‘मरणाचे विचार येतात का?’ हा प्रश्न पुन्हा विचारा. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात, नेमके तेव्हाच भेटायला येणारे कमी होतात.

पूर्ण बरं वाटल्यावरही गोळ्या निदान सहा महिने चालू ठेवतात, आजार पुन्हा पुन्हा आलेला असेल तर त्याहून जास्त. तो हसू-बोलू लागला की एक दिवस त्यालाच विचारा: पुन्हा तसं होऊ लागलं तर आधी काय बिघडेल, आणि मी तुला ते कसं सांगितलेलं चालेल? कोणाचं वाचन सुटतं, कोणी दाढी करणं सोडतो, कोणाला सकाळी बुटाची नाडी बांधणं जड जातं. त्याची स्वतःची दोन-तीन चिन्हं त्याच्याच अक्षरात लिहून घ्या आणि पुढच्या भेटीला तो कागद डॉक्टरांना दाखवा.